खिशांतील सत्तावीस सेंट

आमच्या नियतकालिकांतून आणि व्याख्यानमालांतून अलीकडे एका आरोपाची पुनरुक्ति इतक्या वेळां होऊं लागली आहे कीं, आतां त्याला कोणी आरोप म्हणत नाहीं, सिद्धांतच समजतात. आरोप असा: मराठी माणूस प्रवासी नाहीं, तो फार तर यात्रेकरू आहे. परदेशीं जावयाचें तर त्यास पन्नास जणांचा तांडा लागतो, पुढें छत्री उंच धरून चालणारा मार्गदर्शक लागतो आणि रात्रीं वरणभात लागतो. याच्या उलट तिकडे युरोपांतील विशी-पंचविशींतलीं जोडपीं पाहा! पाठीवर एकेक पिशवी टाकून तीं सहा सहा महिने देशोदेशीं भटकतात. आज कोठें निजावयाचें हें त्यांना दुपारपर्यंत ठाऊक नसतें. खिशांत दमडी नसते, असते ती केवळ हिंमत. हिंमत हेंच प्रवासाचें खरें भांडवल असून नेमकें तेंच आमच्यापाशीं नाहीं, असा या साऱ्या लिहिण्या-बोलण्याचा निष्कर्ष असतो. श्रोते टाळ्या वाजवितात, आणि स्वतःस भित्रे ठरवून घेऊन घरीं जातात.

आम्हांस हा निष्कर्ष साफ अमान्य आहे, आणि तो कां अमान्य आहे हें सविस्तर सांगण्याचा आमचा विचार आहे. तत्पूर्वीं एक गैरसमज दूर केलेला बरा. तरुण जोडप्यानें एकत्र मिळून जग पाहावें यास आमचा विरोध नाहीं. उलट अशा प्रवासासारखें उत्तम शिक्षण दुसरें नाहीं असें आम्ही मानतों. घर घेण्यासाठीं सांठविलेले पैसे भटकण्यांत घालविले म्हणून कुरकुरणारे वडीलधारे प्रत्येक काळांत असतात, आणि त्यांच्या कुरकुरीस प्रत्येक काळांत तितकाच मान द्यावा लागतो, म्हणजे ऐकून घेऊन निघून जावें. परक्या गांवीं रात्रीं दहा वाजतां चुकलेली गाडी, हातांत एकच नकाशा, आणि त्याचा अर्थ लावणारीं माणसें दोन; एकमेकांचा स्वभाव कळण्यास याहून सोयीची जागा आम्हांस ठाऊक नाहीं. आमचा वाद त्या प्रवासावरून आमच्या तरुणांच्या कपाळीं जो डाग लावला जातो त्याच्याशीं आहे.

या पंथाचें आद्य दांपत्य कोणतें असें विचारल्यास बहुतेक जण टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचें नांव घेतील, आणि तें योग्यच आहे. १९७० मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कांतील एका बाकावर या दोघांची ओळख झाली, १९७१ मध्यें विवाह झाला, आणि १९७२ मध्यें पासष्ट पौंडांस घेतलेल्या एका जुन्या मोटारींत बसून तीं पूर्वेच्या वाटेस लागलीं. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा तो मार्ग. काबूलला त्यांनीं मोटार विकली. पुढें मिळेल त्या वाहनानें पाकिस्तान, हिंदुस्थान, नेपाळ, मग आग्नेय आशिया करीत तीं बालीस पोंचलीं. तेथून एका शिडाच्या होडींतून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक्समथ गांवीं उतरलीं, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सिडनीस आलीं तेव्हां दोघांचे मिळून सत्तावीस सेंट शिल्लक होते. कसे आलांत, खर्च किती आला, असें जो तो विचारूं लागला, तेव्हां घरच्या टेबलावर बसून त्यांनीं शहाण्णव पानांचें एक चोपडें तयार केलें आणि १९७३ मध्यें ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ या नांवानें प्रसिद्ध केलें. त्यांतून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. (हें नांव म्हणे एका इंग्रजी गाण्यांतील शब्द चुकीचा ऐकल्यामुळें पडलें. चुकीचें ऐकून इतका नफा झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.) २००७ मध्यें तिचा तीन चतुर्थांश हिस्सा बी.बी.सी.च्या व्यापारी शाखेनें विकत घेतला, आणि उरलेला २०११ मध्यें. सत्तावीस सेंटांची ही कथा सुरस आहे, खरी आहे, आणि ज्यांनीं ती घडविली त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. आमच्या व्याख्यात्यांनीं तिचें जें पुराण केलें आहे त्याची मात्र चौकशी केली पाहिजे.

सत्तावीस सेंट हे खिशांत होते. खिशाबाहेर काय होतें? टोनी व्हीलर हे अभियांत्रिकीचे पदवीधर. त्यावर लंडन बिझनेस स्कूलची व्यवस्थापनाची पदवी. आणि फोर्ड कंपनीनें देऊं केलेली नोकरी वर्षभरासाठीं पुढें ढकललेली. श्रीमंताच्या एकादशीस कोणी उपासमार म्हणत नाहीं. यापेक्षांहि मोठें भांडवल म्हणजे ब्रिटिश पासपोर्टाचें बळ. आणि ज्या देशांत तीं दोघें उतरलीं तो देश तरी कोणता? १९०१ च्या कायद्यानें गोऱ्यांखेरीज इतरांस दार लावून घेतलेला ऑस्ट्रेलिया. १९६६ पासून तें धोरण सैल होऊं लागलें होतें. परंतु त्याचे शेवटचे अवशेष विटलम यांच्या सरकारनें काढले ते १९७३ मध्यें, म्हणजे व्हीलर दांपत्य सिडनीस पोंचल्यानंतर. आडबाजूच्या किनाऱ्यावर होडींतून उतरलेलें, खिशांत चार नाणीं असलेलें तें गोरें जोडपें साहसी ठरलें. त्याच होडींतून त्याच दिवशीं कोल्हापूरचें एखादें जोडपें उतरलें असतें, तर त्यास प्रवासाचा खर्च विचारण्यास कोणी पुढें आलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. दुसरेच प्रश्न विचारले गेले असते.

तेंच वर्ष धरून चालूं. समजा, १९७२ मध्यें पुण्यांतील एका नवपरिणीत जोडप्याच्या मनांत आलें कीं, याच वाटेनें उलट जावें, पुण्याहून लंडन गांठावें. हिंमत दोघांचीहि व्हीलर दांपत्याइतकीच होती असेंहि समजा. प्रथम पासपोर्ट. १९६७ पर्यंत तो देणें न देणें ही सरकारची मर्जी असे. त्या वर्षीं सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला, तेव्हां कोठें पासपोर्टाचा कायदा झाला. आमच्या जोडप्यास तो पासपोर्ट मिळाला असें मानूं. मग पैसा. त्या पिढींतील किती तरी विद्यार्थी अमेरिकेच्या भूमीवर उतरले ते खिशांत आठ डॉलर घेऊन, कारण परकीय चलन तेवढेंच नेण्याची परवानगी होती. त्या आठ डॉलरांस आमच्या वाङ्मयांत कोणी साहस म्हटलेलें नाहीं. ती घरोघरच्या काकांनीं सांगितलेली एक अडचणीची हकीकत होऊन राहिली, आणि सत्तावीस सेंटांचें मात्र महाकाव्य झालें.

बरें, आठ डॉलर घेऊन आमचें जोडपें निघालें. अमृतसर आलें, अटारी आली, आणि येथें वाट संपली. १९७१ च्या डिसेंबरांतील युद्धानंतर भारत व पाकिस्तान यांचे तुटलेले राजनैतिक संबंध १९७६ मध्यें पुन्हां जुळले. व्हीलर दांपत्यासारखीं युरोपांतील जोडपीं ज्या सरहद्दीवरून पिशव्या सांवरीत भारतांत आलीं, त्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस ज्यांचीं घरें होतीं त्यांनाच ती ओलांडतां येत नव्हती. ज्या रस्त्यास ‘हिप्पी ट्रेल’ असें रसिक नांव मिळालें, तो त्या काळीं एकाच दिशेनें वाहत होता. १९७९ मध्यें इराणांत क्रांति झाली, वर्षाअखेर रशियाचें सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें, आणि तो रस्ता युरोपियनांनाहि बंद झाला. त्याबद्दलची हळहळ इंग्रजी पुस्तकांतून अजून ऐकूं येते. आमच्यासाठीं तो त्याच्याआधींच बंद झाला होता. त्याबद्दल हळहळावें असें मराठींतहि कोणास सुचलें नाहीं.

आणि जेव्हां तो उघडा होता तेव्हां आमच्या लोकांनीं काय केलें? १९६२ मध्यें सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण दिल्लीहून पायीं निघाले. अण्वस्त्रांच्या निषेधार्थ ही यात्रा होती, आणि जवळ पैसा ठेवूं नये हा विनोबांचा उपदेश त्यांनीं अक्षरशः पाळला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया असें चालत ते मॉस्कोस गेले, पुढें पॅरिस, लंडन, आणि शेवटीं वॉशिंग्टन. सत्तावीस सेंटहि ज्यांच्यापाशीं नव्हते असे हे प्रवासी, आणि त्यांच्या प्रवासाचा मूळ उपदेशक एक कोंकणांत जन्मलेला मराठी माणूस. त्याहिपूर्वीं, १९२३ च्या ऑक्टोबरांत, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनीं ती पुरी केली, आणि चव्वेचाळीस हजार मैल तुडवून ते १९२८ मध्यें मुंबईस परतले. आणखी मागें जावें तर १८८३ मध्यें अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या, त्या परक्या बायकांच्या सोबतीनें. दोघांनीं मिळून जाणें परवडण्यासारखें नव्हतें म्हणून गोपाळराव मागें राहिले आणि मागाहून गेले. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई पदरीं लहानगी मुलगी घेऊन इंग्लंडास गेल्या, १८८६ मध्यें अमेरिकेस, आणि तेथील लोकस्थितीचें वर्णन करणारें त्यांचें मराठी पुस्तक १८८९ मध्यें बाहेर आलें. हिमतीचा तुटवडा हा आमच्या समाजाचा जन्मजात रोग आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ही नामावळी एकवार वाचावी. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या ज्या प्रवासावर मराठी वाचकानें सर्वांत अधिक प्रेम केलें, तो ‘अपूर्वाई’चा प्रवासहि आकाशवाणींतील नोकरीच्या अनुषंगानें, दूरचित्रवाणीचें शिक्षण घेण्याच्या निमित्तानें घडला, निव्वळ भटकण्यासाठीं बाहेर पडण्याची सोय त्या पिढीस नव्हती.

दारावर पैसे मोजून घेण्याची रीतहि नवी नाहीं. कॅनडानें १९०८ मध्यें दोन नियम केले: येणाऱ्या हिंदी माणसाजवळ दोनशें डॉलर असावेत, आणि त्यानें मायदेशाहून मध्यें कोठेंहि न उतरतां थेट यावें. हिंदुस्थानाहून कॅनडास थेट जाणारी आगबोट नव्हती, हें नियम करणारांस पुरतें ठाऊक होतें. ‘कोमागाता मारू’ ही बोट १९१४ च्या मेमध्यें ३७६ उतारू घेऊन व्हँकुव्हरला लागली. हे उतारू ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. दोन महिने बोट बंदरांत उभी राहिली, आणि बोटांवर मोजण्याइतके लोक वगळून बाकीचे सर्व परत पाठविले गेले. त्यांच्यापाशीं हिंमत कमी होती काय?

आतां आजच्या काळाकडे वळूं, कारण आजचा तरुण पंजाबांतील त्या शेतकऱ्यासारखा गरीब नाहीं आणि आपलें सरकारहि त्यास आठ डॉलरांवर बोळवीत नाहीं. २०१५ पासून रिझर्व्ह बँकेच्या योजनेखालीं एका माणसास एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलर बाहेर नेतां येतात. मग आतां तरी अडचण कोणती, असें आमचे व्याख्याते विचारतील. त्यांस आम्हीं विनंति करतों कीं, युरोपांतील शेंगेन संघाच्या एकोणतीस देशांसाठीं जो अर्ज भरावा लागतो तो त्यांनीं एकदां हातीं घेऊन वाचावा. आमच्या मतें प्रवासवर्णनापेक्षां तो अधिक उद्बोधक आहे. शुल्क माणशीं नव्वद युरो, २०२४ च्या जूनपासून. अर्ज नामंजूर झाला तरी तें परत नाहीं. किमान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. बँकेचें गेल्या कित्येक महिन्यांचें खातेंपुस्तक. आयकराचीं विवरणपत्रें. मालकाचें रजा मंजूर केल्याचें पत्र. परतीचें तिकीट. आणि ज्या दिवशीं उतरणार त्या रात्रीपासून ज्या दिवशीं निघणार त्या रात्रीपर्यंत कोठें मुक्काम करणार त्याचा पुरावा.

या शेवटच्या कलमावर वाचकानें क्षणभर थांबावें. आज कोठें निजावयाचें हें दुपारपर्यंत ठाऊक नसणें हें ज्या प्रवासाचें ब्रीद, ज्याच्यासाठीं श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या, त्याच प्रवासास परवानगी मागतांना आमच्या तरुणास प्रत्येक रात्रीच्या बिछान्याचा दाखला आधीं जोडावा लागतो! व्हीलर दांपत्याचें चोपडें वाचून त्या धर्तीवर जो अर्ज लिहील, म्हणजे ‘गाडी काबूलमध्यें विकूं, पुढचें पुढें पाहूं, परत केव्हां येऊं तें सांगतां येत नाहीं’ असें जो खरेंखरें लिहील, त्याच्या अर्जाचें काय होईल हें सांगण्यास ज्योतिषी नको. इंग्रज तरुणाच्या तोंडीं जें वाक्य मुक्तवृत्तीचें लक्षण ठरतें, तेंच मराठी तरुणाच्या अर्जांत नकाराचें कारण ठरतें. पाठीवरच्या पिशवीचा प्रवास आमच्याकडे फोफावला नाहीं तो असल्या अर्जांमुळें. भ्याडपणाचा येथें संबंध नाहीं.

जोडप्याच्या बाबतींत तर ही गोष्ट अधिकच बोचते. जोडपें तरुण आहे, मूलबाळ नाहीं, नांवावर घर नाहीं, नोकरी नुकतीच लागलेली किंवा प्रवासासाठींच सोडलेली. देशोदेशीं भटकण्यास याहून अनुकूल काळ आयुष्यांत येत नाहीं, आणि अर्ज तपासणाराच्या दृष्टीनें याहून संशयास्पद काळहि नाहीं! मागें ओढणारें कांहीं नसणें हेंच प्रवाशाचें स्वातंत्र्य आणि हेंच अर्जदाराचें वैगुण्य. अमेरिकेनें तर १९५२ च्या कायद्यांत हें स्वच्छ लिहून ठेवलें आहे: पाहुणा म्हणून येऊं इच्छिणारा प्रत्येक जण कायम राहावयास येत आहे असें गृहीत धरावें, आणि तसें नाहीं हें त्यानें सिद्ध करावें. निवडक श्रीमंत देशांच्या नागरिकांस अल्पकाळच्या भेटीसाठीं या परीक्षेंतून सूट आहे, आम्हांस नाहीं. जोडप्यांतील स्त्री कमावती नसेल तर तिच्यासाठीं खर्चाची हमी देणारें बापाचें नाहीं तर नवऱ्याचें पत्र लागतें. ज्या प्रवासांत तिनें प्रथमच कोणाच्या परवानगीवांचून हिंडावें, त्याची सुरुवात अशी परवानगीच्या कागदानें होते. ज्या जोडप्यास दोन फ्लॅट आहेत, पन्नाशी उलटली आहे, गुडघे कुरकुरूं लागले आहेत, त्याचा अर्ज मात्र बिनबोभाट मंजूर होतो, आणि मग बसमध्यें तेंच जोडपें पाहून आमचे टीकाकार म्हणतात, मराठी माणूस म्हातारपणीं कां हिंडतो!

येथें त्या तांड्याचा विचार करणें प्राप्त आहे, कारण त्याची थट्टा करणें हा आमच्या सुशिक्षितांचा आवडता विनोद झाला आहे. तांड्याबरोबर जाणारा आपल्या कागदांची चिंता संस्थेवर सोंपवितो. मुक्काम, विमा, तिकिटें हें सारें आधींच बांधलेलें असतें, कारण अर्जास तसेंच बांधलेलें हवें असतें. छत्री घेऊन पुढें चालणारा मार्गदर्शक हा शेंगेनच्या अर्जाचाच सगुण अवतार होय. उरला वरणभात. त्याविषयीं इतकेंच सांगतों कीं, आग्नेय आशियांतून पिशवीवाले गोरे तरुण ज्या वाटेनें जातात तिला त्यांच्याच लोकांनीं ‘केळ्याच्या पॅनकेकांची वाट’ असें नांव दिलें आहे, कारण बँकॉकपासून बालीपर्यंत प्रत्येक खानावळींत त्यांना सकाळीं तोच घरगुती वळणाचा पदार्थ लागतो. आपल्या जिभेला जपणें हा भित्रेपणा असेल तर तो सर्व वर्णांत सारखाच वाटलेला आहे.

आमच्या म्हणण्याचा पुरावा पाहिजे असेल तर तो नुकताच मिळाला आहे. २०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशिया यांनीं भारतीयांस व्हिसावांचून प्रवेश दिला. २०२४ मध्यें थायलंडास जाणाऱ्या भारतीयांची संख्या वीस लाखांवर गेली. ते सारेच कांहीं पिशवीवाले नव्हेत, त्यांत तांडे होते, वऱ्हाडें होतीं, आणि ज्यांच्याविषयीं न बोललेलें बरें असेहि प्रवासी होते. तरी पण नाशिक-सांगलीकडचीं तरुण जोडपीं रात्रीच्या बसनें, समाईक निजण्याच्या खोल्यांतून, कालच ठरवून आज निघून तो देश पाहून येतात हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. मुलें तींच, आईबाप तेच, रक्तहि तेंच. दार उघडें ठेवलें आणि हिंमत कोठून तरी आली!

गरिबींतल्या प्रवासाचें जें उदात्तीकरण चालतें त्याविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. अल्प खर्चांत हिंडणें आमच्या लोकांस कोणी शिकवावें अशी स्थिति नाहीं. नर्मदेची परिक्रमा करणारा आजहि कांठच्या गांवांतून सदावर्त घेत, मिळेल तेथें पथारी टाकीत चालतो. पण तेथें देणारा आणि घेणारा एका श्रद्धेनें बांधलेले असतात. घेणाऱ्यानें किती घ्यावें यास मर्यादा असते, आणि आज घेणारा उद्यां आपल्या दारीं देणारा होतो. ज्याच्या देशाचें एक नाणें आमच्या शंभर नाण्यांबरोबर आहे, त्यानें रिक्षावाल्याशीं दहा रुपयांसाठीं पाव तास हुज्जत घालावी आणि तिला काटकसर म्हणून पुस्तकांत लिहावें, हा प्रकार निराळा. २०१७ च्या सुमारास तर आग्नेय आशियांतील शहरांत गोरे प्रवासी पुढच्या प्रवासासाठीं पैसे हवेत अशी पाटी घेऊन पदपथावर बसलेले दिसूं लागले. जोडपीं होतीं, एकेकटे होते. बालीच्या अधिकाऱ्यांनीं २०१९ मध्यें अशांस त्यांच्या वकिलातींच्या हवालीं करण्याचें ठरविलें, आणि थायलंडच्या नियमांत माणशीं वीस हजार बाट जवळ असल्याचें दाखविण्याची अट होतीच. ती गोऱ्या पाहुण्यांस दाखविण्याची वेळ आली तेव्हां कांहींना फार अपमान वाटला म्हणे. बँकॉकच्या पदपथावर भारतीय जोडपें असें बसलें असतें तर त्याची छायाचित्रें कोणत्या मथळ्याखालीं छापलीं गेलीं असतीं, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आम्हांस दिसतो. मुदत संपली तरी तिकडेच राहून जाणारे आमच्यांत आहेत. मग त्या देशांनीं दार जपून उघडलें तर बिघडलें काय? आमचें सरकारहि परकीयांकडून व्हिसा मागतेंच. हें सर्व आम्ही मान्य करतों. प्रत्येक घराच्या मालकास दाराची कडी लावण्याचा अधिकार आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कडी लावलेल्या दाराबाहेर जो उभा आहे त्यास आंतल्यांनीं, आणि त्यांचें ऐकून आमच्याच लोकांनीं, पांगळा म्हणूं नये. दुसरा आक्षेप असा कीं, कांहीं मराठी जोडपीं हें सर्व ओलांडून वर्ष वर्ष जगभर हिंडून आलींच ना? आलीं, आणि त्यांचें आम्हांस कौतुक आहे. पण त्यांच्या पुस्तकांत वाळवंटांतल्या चांदण्यास दहा पानें आणि वकिलातीच्या फेऱ्यांस चार ओळी अशी वांटणी कां असते? पुढच्या देशाचा व्हिसा मिळेतों एका शहरांत अडकून काढलेले तीन आठवडे, खात्यांत पुरेशी रक्कम दिसावी म्हणून मेहुण्याकडून आणलेले उसने पैसे, परत आलेला पासपोर्ट उघडण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलेलें, हें सारें त्यांच्या बोलण्यांत येतें, लिहिण्यांत येत नाहीं. इंग्रजी प्रवासवर्णनांत तीं पानें नसतात, कारण त्या लेखकांच्या आयुष्यांत तीं नव्हतीं. आमच्या लेखकांनीं तीं गाळावीं हें अनुकरण आहे, आणि त्यानें मराठी प्रवासवर्णन खोटें झालें नाहीं तरी अर्धें झालें आहे. आमच्या परीक्षणकारांसहि याचा जाब विचारावासा वाटत नाहीं. ते चांदण्याच्या पानांवर खूष असतात.

दारें थोडीं किलकिलीं होत आहेत हेंहि नमूद केलें पाहिजे. ब्रिटननें २०२३ पासून अठरा ते तीस वर्षांच्या भारतीय पदवीधरांस दोन वर्षें राहून काम करण्यासाठीं वर्षास तीन हजार जागा ठेवल्या. ऑस्ट्रेलियानें २०२४ पासून हिंडत हिंडत काम करूं इच्छिणाऱ्या भारतीय तरुणांसाठीं वर्षास एक हजार जागा ठेवल्या. ज्या देशांत ते सत्तावीस सेंट उतरले तोच हा देश, म्हणून आम्हांस समाधान वाटलें. दोन्हींकडे उमेदवार जागांहून फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड होते, आणि चिठ्ठी ज्याची त्याच्या एकट्याच्या नांवानें असते. जोडप्यांतील एकाची चिठ्ठी निघते, दुसऱ्याची निघत नाहीं. मग एकानें जावें आणि दुसऱ्यानें पुढच्या वर्षाची वाट पाहावी, कीं दोघांनींहि राहावें आणि तिशी उलटूं द्यावी, हा निर्णय त्यांस स्वयंपाकघरांतल्या टेबलापाशीं बसून करावा लागतो. अशा एखाद्या जोडप्यास आमच्या व्याख्यात्यांनीं एकदां व्यासपीठावर बोलवावें, आणि हिंमत दोघांपैकीं कोणाची कमी पडली असें श्रोत्यांसमक्ष विचारावें. तें उत्तर छापण्यास या मासिकांत आम्ही जागा राखून ठेवतों.